पोटरीतल्या गुठळीनंतर पाय कसा सांभाळायचा: रिपोर्टपासून स्टॉकिंगपर्यंत, टप्प्याटप्प्याने

पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, सूज ओसरली, की बहुतेक जण प्रकरण मिटलं असं धरून चालतात. मग पाच-सहा महिन्यांनी संध्याकाळी पाय जड व्हायला लागतो, मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ उठतो. अशा वेळी कुणी थकवा म्हणून सोडून देतं, तर कुणी पुन्हा गुठळी झाली म्हणून रात्रीच धावपळ करतं. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. गुठळीनंतर आपला पाय नेमका कसा आहे याची नोंदच नसते, त्यामुळे आजच्या पायाची तुलना कशाशी करायची हे कळत नाही. खालचे टप्पे क्रमानेच घ्या. स्टॉकिंग, म्हणजे पायावर दाब देणारा घट्ट लांब मोजा, पाचव्या टप्प्यावर आहे, पहिल्या नाही, आणि त्याला कारण आहे.

## सुरू करण्याआधी: शिरेत काय बिघडतं

पोटरीतल्या खोल शिरांमध्ये रक्त वरच्या दिशेनेच जावं म्हणून झडपा असतात. चालताना स्नायू आवळले की शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. स्थिर उभं असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब साधारण ९० मिलिमीटर (पाऱ्याचे; पुढेही दाब याच मापात) असतो. निरोगी पायात तो चालताना ३०च्या खाली उतरतो.

गुठळी हळूहळू विरघळते, पण तिच्यामुळे शिरेच्या भिंतीला आलेली सूज झडपांना जाड आणि आखूड करून जाते. काही जागी शिरेत चट्ट्यासारखे तंतू राहतात. मग चालतानाही दाब पुरेसा उतरत नाही. द्रव आणि लाल पेशी शिरेबाहेर झिरपतात. सूज, तपकिरी डाग, कडक होत जाणारी कातडी, क्वचित जखम ही सगळी त्या एका दाबाचीच रूपं आहेत. याला पोस्ट-थ्रॉम्बॉटिक सिंड्रोम म्हणतात. गुठळी गुडघ्याच्या वर असेल तर धोका बराच जास्त, फक्त पोटरीत असेल तर कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि त्याच पायात दुसऱ्यांदा गुठळी झाली तर धोका झपाट्याने वाढतो. म्हणून पुढच्या सगळ्या कामात दुसरी गुठळी टाळण्याला पहिला मान आहे.

## टप्पा १: कागद गोळा करा

पहिल्या डॉप्लर तपासणीचा, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट काढा आणि त्यातून या गोष्टी एका पानावर उतरवा:

- कोणता पाय, कोणती शीर. पोस्टेरिअर टिबिअल, पेरोनिअल, की स्नायूच्या आतली सोलिअल किंवा गॅस्ट्रोक्निमिअस शीर
- एकच शीर की अनेक
- गुठळी गुडघ्यामागच्या पॉप्लिटिअल शिरेपर्यंत पोचली होती का
- तपासणीची तारीख, गोळ्या सुरू झाल्याची तारीख, गोळीचं नाव आणि मात्रा
- कारण: शस्त्रक्रिया, प्लास्टर, अंथरुणाला खिळून राहणं, गर्भनिरोधक गोळ्या, कर्करोग, की काहीच सापडलं नाही

शेवटचा मुद्दा लोक लिहीतच नाहीत. पण गोळ्या किती काळ घ्यायच्या हे मोठ्या प्रमाणात त्याच्यावरच ठरतं. शस्त्रक्रियेसारखं तात्पुरतं कारण संपलं की पुन्हा गुठळी होण्याची शक्यता कमी असते. कारणाशिवाय झालेली गुठळी परत येण्याची शक्यता जास्त.

सावधान: रिपोर्टमध्ये 'पॉप्लिटिअल' शब्द असेल तर ती 'पोटरीतली छोटी गुठळी' राहिलेली नाही. तिचे उपचार आणि धोके गुडघ्यावरच्या गुठळीसारखेच धरतात.

काही जणांना गोळ्या न देता फक्त लक्ष ठेवायला सांगतात. तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा डॉप्लर करायचंच असतं. औषधाविना साधारण दहातल्या एकाची किंवा त्याहून थोड्या अधिक जणांची गुठळी वर सरकते, आणि बहुतेकदा ती याच दोन आठवड्यांत सरकते. दुखणं थांबलं म्हणून दुसरं डॉप्लर टाळणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक.

## टप्पा २: गोळ्यांचा कोर्स पुरा करा

कोर्स सहसा ३ महिन्यांचा असतो, काहींना जास्त लागतो. चुका जिथे होतात त्या जागा ठरलेल्या आहेत.

मात्रा बदलण्याचा दिवस. रिव्हारोक्साबॅन सहसा पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असते, मग २० मिलिग्रॅम एकदा. अपिक्साबॅन पहिले ७ दिवस १० मिलिग्रॅम दोनदा, मग ५ मिलिग्रॅम दोनदा. सुरुवातीचं पाकीट संपलं की औषधच संपलं असं समजून थांबणारे असतात, आणि मोठी मात्राच पुढे चालू ठेवणारेही. बदलाची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा. मूत्रपिंडाच्या विकारात किंवा इतर औषधांमुळे मात्रा वेगळी असू शकते, तेव्हा आपली चिठ्ठीच प्रमाण माना.

पोट. रिव्हारोक्साबॅनच्या १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यायच्या. उपाशीपोटी त्या पुरेशा शोषल्या जात नाहीत.

विसरलेली गोळी. दिवसाला एक गोळीच्या टप्प्यात त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर फक्त त्या दिवसाचीच घ्या, दोन एकदम नाही.

वॉरफरिन. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा तपासणीतला आकडा, २ ते ३ मध्ये राहायला हवा. पालेभाज्या बंद करायच्या नसतात, त्यांचं प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवायचं असतं. पहिल्या तीन महिन्यांत आयएनआर वारंवार खाली राहिला तर पुढे पायाचा त्रास वाढतो, त्यामुळे तपासणीच्या तारखा चुकवू नका.

वेदनाशामक. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाय दुखतो म्हणून ही गोळी घरातून काढून घेणं टाळा. पॅरासिटामॉल चालेल का, किती, हे आधीच विचारून ठेवा.

सावधान: काळी डांबरासारखी शौच, लघवीत रक्त, न थांबणारं नाकातलं रक्त, किंवा डोक्याला मार लागणं, यातलं काहीही झालं तर थेट रुग्णालय. बाहेरून जखम दिसत नसली तरीही.

## टप्पा ३: गोळ्या थांबण्याआधी पायाची नोंद

या टप्प्याला लोक सगळ्यात कमी वेळ देतात आणि पुढचं सगळं याच्यावरच उभं असतं.

कोर्स संपताना पुन्हा एकदा डॉप्लर करून घ्यावं का हे डॉक्टरांना विचारा, आणि केलं तर रिपोर्ट जपून ठेवा. अनेकांच्या शिरेत उपचारानंतरही जुना चट्टा दिसत राहतो. वर्षभराने पोटरी दुखली आणि नव्या तपासणीत 'शीर पूर्ण दबत नाही' (निरोगी शीर सोनोग्राफीच्या यंत्राने दाबली की चपटी होते) असं आलं, तर ते नवं की जुनं? मधला रिपोर्ट असेल तर तपासणारा दोन्ही शेजारी ठेवून सांगू शकतो. नसेल तर अंदाज करावा लागतो, आणि अंदाजापोटी पुन्हा तीन महिने गोळ्या चालू होऊ शकतात. रिपोर्टमध्ये कोणत्या शिरेचा कोणता भाग दबत नाही, तिथे शिरेची जाडी किती मिलिमीटर आहे आणि झडपा गळतात का, एवढं लिहून घ्या.

आता घरची मापं. लागणाऱ्या वस्तू: शिंप्याची न ताणणारी मोजपट्टी, पेन, वही.

1. सकाळी उठल्याउठल्या, चालायला लागण्याआधी, पाय लांब करून बसा.
2. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला बोटाला एक हाडाचा उंचवटा लागतो. तिथून खाली १० सेंटिमीटरवर खूण करा.
3. त्या खुणेवर पट्टी गुंडाळा. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. आकडा लिहा.
4. घोट्याच्या हाडांच्या वर जिथे पाय सगळ्यात बारीक आहे तिथेही मोजा.
5. दुसरा पाय तसाच.
6. त्याच दिवशी संध्याकाळी सगळं पुन्हा.

असं सात दिवस. दोन पायांत एखाद्या सेंटिमीटरचा फरक निरोगी माणसातही असतो. १० सेंटिमीटरच्या खुणेवर ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक डॉक्टर गांभीर्याने घेतात. तुमच्यासाठी मात्र तुमचा स्वतःचा आकडाच महत्त्वाचा. आठवडाभरात दुखरी पोटरी सकाळी ३७ आणि संध्याकाळी ३८.५ भरत असेल, तर पुढे कधीतरी सकाळीच ३९.५ भरली की ती बातमी आहे.

शेवटी घोट्याच्या आतल्या बाजूचा फोटो काढा. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात. रंग इतका हळू बदलतो की रोज पाहणाऱ्या डोळ्यांना तो दिसत नाही.

तपासा: आकड्यांपुढे तारीख, वेळ आणि पाय डावा की उजवा हे लिहिलंय का? नसेल तर वर्षभराने त्या आकड्याचा अर्थ लागणार नाही.

## टप्पा ४: त्रास किती आहे ते मोजा

गुठळीनंतर निदान ३ महिने, शक्यतो ६ महिने जाऊ द्या. त्याआधीची सूज आणि दुखणं मूळ गुठळीचंही असू शकतं. दुसऱ्याच महिन्यात 'आता हे कायमचं' असा निष्कर्ष काढून लोक उगाच खचतात.

डॉक्टर यासाठी व्हिलाल्टा नावाची गुण देण्याची मोजपट्टी वापरतात. तिच्यात पाच तक्रारी असतात: दुखणं, गोळे येणं, जडपणा, मुंग्या, खाज. आणि सहा खुणा: नडगीवरची सूज, कडक कातडी, काळपट रंग, लाली, फुगलेल्या बारीक शिरा, पोटरी दाबल्यावर दुखणं. प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज ५च्या खाली असेल तर सिंड्रोम नाही. ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ किंवा जास्त, अथवा उघडी जखम, म्हणजे तीव्र.

खुणांचे गुण डॉक्टरांकडून लावून घ्या. तक्रारींचे मात्र घरीच लिहा, तेही संध्याकाळी. सकाळी दवाखान्यात 'सध्या काही नाही' म्हणणाऱ्याचा पाय दुपारी तीननंतर शिशासारखा जड झालेला असतो. ही वेळच निदानाचा अर्धा भाग आहे.

## टप्पा ५: स्टॉकिंग

२०१४ मध्ये सॉक्स नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुडघ्यातल्या किंवा त्यावरच्या शिरेत गुठळी झालेल्या रुग्णांना दोन वर्षं ३०–४० मिलिमीटर दाबाचे किंवा दाब नसलेले नकली स्टॉकिंग दिले होते. सिंड्रोम होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणजे काहीही त्रास नसताना स्टॉकिंग घालून पुढचं टळेल या भरवशावर राहू नका. सूज आणि जडपणा असेल आणि स्टॉकिंगने तो कमी होत असेल, तर मात्र ते मनापासून वापरा. अनेकांचा दिवस त्यानेच सुसह्य होतो.

आधी धमनी तपासा. पायाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्यामागे नाडी लागते का ते डॉक्टरांना पाहू द्या. मधुमेह, धूम्रपान, किंवा चालताना पोटरी दुखून थांबल्यावर बरं वाटणं, यातलं काही असेल तर घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर मोजून घ्या. आधीच रक्त कमी पोचणाऱ्या पायावर घट्ट स्टॉकिंग चढवलं तर बोटं काळी पडू शकतात.

माप सकाळी. संध्याकाळी सुजलेल्या पायाचं माप दिलं तर स्टॉकिंग सकाळी ढिलं बसतं आणि कामच करत नाही. घोट्याचा सगळ्यात बारीक घेर, पोटरीचा सगळ्यात मोठा घेर आणि टाचेपासून गुडघ्याच्या घडीपर्यंतची लांबी, अशी तीन मापं लागतात. फक्त बुटाच्या नंबरावर स्टॉकिंग घेऊ नका.

दाब आणि लांबी. गुडघ्यापर्यंतचं पुरतं. सुरुवात सहसा २०–३० मिलिमीटरने करतात, कमी पडला तर ३०–४०. ज्या दाबाचं स्टॉकिंग कपाटात पडून राहतं त्याचा उपयोग शून्य, म्हणून घालता येईल असा दाब निवडणं केव्हाही शहाणपणाचं.

घालण्याची रीत.

1. पलंगावरून खाली उतरण्याआधी घाला. तासभर फिरून झालं की पाय भरायला लागलेला असतो.
2. पाय कोरडा हवा. क्रीम रात्री लावा, सकाळी नाही.
3. हात आत घालून टाचेचा खिसा पकडा आणि तिथपर्यंत स्टॉकिंग उलटं करा.
4. पाऊल आत सरकवा, टाच खिशात नीट बसवा. टाच सरकली की दाब चुकीच्या जागी पडतो.
5. रबरी हातमोजे घालून तळव्याने कापड वर सरकवा. वरची कड धरून ओढलं की कापड वर गोळा होतं.
6. वरची कड गुडघ्याच्या घडीच्या दोन बोटं खाली. जास्तीचं कापड दुमडायचं नाही, ते परत खाली पसरवायचं.

सावधान: दुमडलेली कड म्हणजे दुप्पट दाबाचा पट्टा. तो रक्त वर जायला मदत करण्याऐवजी अडवतो. 'स्टॉकिंगने उलट सूज वाढली' या तक्रारीत आधी हीच जागा पाहा.

तपासा: अर्ध्या तासाने बोटांचा रंग पाहा. निळी, पांढरी, बधिर किंवा दुखरी असतील तर लगेच काढा.

रात्री काढून ठेवा. कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. रोज वापरलं तर साधारण सहा महिन्यांत ताण जातो. सहज चढायला लागलं की सवय झाली असं वाटतं, पण बहुतेकदा ते सैल झालेलं असतं.

## टप्पा ६: पोटरीचा पंप चालू ठेवा

चालणं सगळ्यात उपयोगी. त्याखालोखाल टाचा उचलणं: ओट्याला हात टेकून उभं राहा, दोन्ही टाचा सावकाश वर, क्षणभर थांबा, सावकाश खाली. १० ते १५ वेळा, दिवसातून तीनदा. स्टॉकिंग असेल तर घालूनच करा. बसून काम असेल तर तासाला एकदा उठा आणि अधूनमधून पाऊल वर-खाली करा.

एक गोष्ट हमखास निसटते: घोटा आखडला की पंप बंद पडतो, मग पोटरी कितीही दणकट असो. दुखऱ्या पायाचं पाऊल नडगीकडे दुसऱ्या पायाइतकं वळतं का ते पाहा. वळत नसेल तर आधी घोट्याचा ताण-व्यायाम, शक्य असल्यास फिजिओथेरपिस्टकडून शिकून.

पाय वर ठेवणं म्हणजे स्टुलावर ठेवणं नव्हे. घोटा छातीच्या पातळीच्या वर हवा, १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. रात्रीसाठी पलंगाचा पायथा १० ते १५ सेंटिमीटर उचला. फक्त गुडघ्याखाली उशी घेतली तर गुडघा वाकून मागची शीर दबते. हृदयविकाराने दम लागत असेल तर पायथा उचलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या या सुजेवर स्वतःहून घेऊ नका. बिघाड झडपेत आहे, त्या गोळ्या झडप दुरुस्त करत नाहीत.

## टप्पा ७: कातडी

आतल्या घोट्याच्या वर चार बोटांचा पट्टा रोज पाहा. क्रम साधारण असा असतो: कोरडेपणा आणि खाज, मग गंजासारखे तपकिरी ठिपके, मग कातडी घट्ट आणि लाकडासारखी. असल्या कातडीला खाजवताना लागलेलं नख किंवा डासाचा चावाही जखमेला पुरेसा असतो. रोज रात्री साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली लावा.

खाज आणि पापुद्रे पाहून नायट्याचं मलम लावणं ही नेहमीची चूक. तो बऱ्याचदा शिरेच्या दाबाचा इसब असतो. प्रतिजैविक मलमंही वारंवार लावू नका, अशा कातडीला त्यांची ॲलर्जी चटकन होते.

जखम झालीच तर सलाइनने धुवा, ओलसर राहील अशी झाका आणि दोन आठवड्यांत भरत नसेल तर दाखवा. शिरेची जखम भरण्यात मलमापेक्षा नीट बांधलेल्या दाबपट्टीचा वाटा मोठा असतो. ती पट्टी शिकलेल्या हातानेच बांधायची. पाय एकदम लाल, गरम झाला, लाली पसरत गेली आणि ताप आला तर तो जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

## टप्पा ८: नवी गुठळी की जुना त्रास

आता वही उघडा. दिवसभरात वाढणारा आणि रात्री पाय वर ठेवल्यावर ओसरणारा जडपणा हा बहुधा जुना. सकाळी उठल्यावरही न ओसरलेली सूज, नेहमीच्या सकाळच्या आकड्यापेक्षा स्पष्ट वाढ, एका जागी नवी दुखरी कळ, गरम पोटरी: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉप्लर. तोवर पोटरी चोळायची नाही.

सावधान: अचानक दम लागणं, खोल श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणं, यात वही आणि मोजपट्टी दोन्ही बाजूला ठेवा आणि तातडीची रुग्णवाहिका बोलवा. गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. आधी फुप्फुसात गुठळी होऊन गेली असेल आणि तीन महिने नीट औषध घेऊनही चढण चढताना दम लागत असेल, तर तेही वेगळं सांगा. त्यासाठी फुप्फुसाच्या रक्तप्रवाहाची तपासणी करावी लागते.

काही प्रसंग आधीच कळवायचे असतात: ठरलेली शस्त्रक्रिया, पायाला प्लास्टर, चार तासांपेक्षा लांबचा प्रवास, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, गर्भधारणेचा विचार. वॉरफरिन, रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन यांपैकी काही चालू असताना गर्भ राहिल्याची शंका आली तर वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. गोळी बदलावी लागते, नुसती बंद करून चालत नाही.

डॉप्लरला जाताना तीन कागद बरोबर न्या: पहिला रिपोर्ट, कोर्स संपतानाचा रिपोर्ट आणि मापांचं पान. तपासणी सुरू होण्याआधीच सांगा, 'या शिरेत आधी गुठळी होती, जुन्याशी ताडून पाहा.' तपासणी संपल्यावर सांगितलं तर पुन्हा टेबलावर झोपावं लागतं.